तीन मिनिटांचे गाणे आणि रात्रभराचा तारपा

जव्हार किंवा मोखाड्याच्या एस.टी. स्थानकावर शाळा सुटल्यानंतर थोडा वेळ थांबले, तर एक दृश्य हमखास दिसते. वरच्या वर्गातली चार-पाच मुले एका मोबाइलभोवती डोकी जोडून उभी असतात. 'हे ऐक', 'थांब, पुढचं ऐक' असे चाललेले असते. त्यात सिनेमाचे गाणे असते, लग्नात बँडने वाजवलेले काहीतरी असते आणि दिवाळीच्या आसपासचे दिवस असतील तर कुठल्यातरी पाड्यावरचा तारपाही असतो. आपण सध्या काय ऐकतो आहोत हे दुसऱ्याला सांगावे आणि जमल्यास ऐकवावे, ही माणसाची हौस जुनीच आहे. पण गाणारा समोर नसताना त्याचे गाणे ऐकवता येणे ही गोष्ट मात्र आपल्याकडे जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. तिचा इतिहास पाहताना शास्त्रीय संगीताच्या जुन्या तबकड्यांपासून सुरुवात करणे सोयीचे जाते, कारण त्यांच्याबद्दल बरेच काही नोंदलेले आहे. तारप्याकडे आपण शेवटी येऊ.

एडिसनने आवाज साठवणारे यंत्र १८७७ साली केले. त्याचे मुद्रण एका फिरत्या नळकांड्यावर होत असे. एमिल बर्लिनर याने १८८७ साली नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरली आणि तिथूनच खरा व्यापार शक्य झाला. नळकांड्याच्या प्रती काढणे जिकिरीचे होते. तबकडीचा एकदा साचा केला, की भाकऱ्या थापाव्यात तशा हजारो प्रती काढता येत. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गायसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गौहर जान यांची गाणी त्याने मेणाच्या तबकडीवर मुद्रित केली. ती मेणाची तबकडी आगबोटीने जर्मनीत हॅनोव्हरला गेली. तिथे तिच्यावर तांब्याचा थर चढवून साचा तयार झाला, त्यातून तबकड्या निघाल्या आणि त्या परत हिंदुस्थानात विकायला आल्या. कलकत्त्याला सियालदह येथे कंपनीचा कारखाना सुरू झाला तो १९०८ साली. मधली पाच-सहा वर्षे आपल्या गायकांचा आवाज आपल्यापर्यंत जर्मनीला वळसा घालून पोहोचत होता.

त्या काळातल्या बऱ्याच तबकड्यांच्या शेवटी एक गंमत ऐकू येते. गाणे संपते आणि गाणारी व्यक्ती मोठ्याने आपले नाव सांगते. गौहर जान यांनी तर ते इंग्रजीत सांगितले आहे. याचे कारण असे सांगितले जाते, की हॅनोव्हरच्या कारागिरांना भाषा कळत नसे, म्हणून कोणत्या साच्यावर कोणाचे नाव छापायचे हे त्यांना तबकडीनेच सांगायचे. ही युक्ती लक्षात ठेवावी, पुढे ती आपल्या कामाला येणार आहे.

लाख, चर आणि वेळ

तबकडी कशाची बनलेली असे? आपण लोक सर्रास 'प्लास्टिकची' म्हणतो, पण १९५० च्या आधीच्या तबकड्या लाखेच्या होत. लाख म्हणजे केरिया लॅक्का नावाच्या कीटकाच्या अंगातून पाझरणारा राळेसारखा पदार्थ. हे कीटक पळस, कोशिंब, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतात. ही झाडे जव्हारच्या रानातल्या मुलांच्या ओळखीची आहेत. लाखेची शेती मात्र मुख्यतः छोटा नागपूर, छत्तीसगड आणि आपल्या महाराष्ट्रात गोंदियाच्या बाजूला होत आली. फांद्यांवरची लाख खरवडायची, धुवायची, कापडी पिशवीत घालून विस्तवाजवळ वितळवायची आणि तिचे पातळ पापुद्रे ओढायचे. हाच चपडा. लाकडाला पॉलिश करणारे कारागीर अजून तो स्पिरिटमध्ये विरघळवून वापरतात. तबकडीत चपड्याबरोबर दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळलेली असे. दगडाची पूड घालण्यामागे युक्ती होती. तिच्यावर घासून पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच चरीच्या आकाराचे होई. म्हणून तर प्रत्येक बाजू वाजवल्यावर सुई बदलायची असे. सुई बदलण्याचा कंटाळा केला, की तबकडी लवकर खरखरू लागे. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी खास संस्था निघाली, यावरून या किड्याच्या व्यापाराचे महत्त्व लक्षात येईल. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा अमेरिका-इंग्लंडमध्ये नव्या तबकड्यांसाठी लोकांकडून जुन्या परत घेऊन दळल्या गेल्या. किती गाणी अशी दळली गेली असतील, कोण जाणे!

आता एक हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. दहा इंच व्यासाच्या तबकडीवर काठाजवळून मध्यावरच्या कागदी चकतीपर्यंत सुमारे पावणेतीन इंच रुंदीचा पट्टा चर कोरायला मिळतो. एका इंचात साधारण ९० आटे बसतात असे धरले, तर एकूण आटे झाले सुमारे २५०. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. २५० ला ७८ ने भागले, की उत्तर येते ३ मिनिटांच्या थोडे वर. ही चर उलगडून सरळ ताणली तर किती लांब भरेल? सरासरी त्रिज्या ३.४ इंच धरून मुलांनी काढावे. उत्तर १३५ मीटरच्या आसपास यायला हवे. शाळेच्या मैदानाची एक बाजू चालून जावी एवढी वाट, आणि तिच्यावर एक अख्खे गाणे.

पण अख्खे कुठले? मैफलीत एक विलंबित ख्याल सहज तासभर चालतो. तबकडीवर त्याला तीन मिनिटे, बारा इंची मोठी तबकडी असली तर चार-साडेचार. म्हणजे राग जो हळूहळू उलगडत जायचा, त्याला उलगडायला जागाच नाही. पहिली काही सेकंदे सूर लावायला, लगेच बंदिशीचे तोंड, दोन-चार आलाप, एखाद-दुसरी सरगम, ताना, आणि आटोपा. अशा जागेत गाणे बसवणे हे वेगळेच कौशल्य होते. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ऐकताना वेळ कमी पडल्याची जाणीवही होत नाही. काही थोर गवई मात्र यंत्रापुढे घाईत गायल्यासारखे वाटतात. कोणाची उंची तबकडीवरून ठरवू नये हे आम्हाला तरी फार जपून पाळण्यासारखे वाटते.

वेळेखेरीज आणखी एक अडचण होती. १९२५ पर्यंत मायक्रोफोन वापरात नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या थरथरीने पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर चर कोरायची. सारी शक्ती फक्त गळ्याची. या पद्धतीने सेकंदाला साधारण २०० ते २,५०० कंपनांच्या पट्ट्यातलाच आवाज नीट उमटे. खर्जातले सूर फिके पडत आणि तंबोऱ्याच्या झंकारातले वरचे स्वर जवळजवळ नाहीसेच होत. जुन्या तबकड्यांवर तंबोरा ऐकू येत नाही, म्हणून त्या काळी तो नव्हता असा निष्कर्ष कोणी काढू लागला तर तो फसेल. यंत्राला ऐकू आले नाही, एवढेच.

वेगाचीही भानगड आहे. मिनिटाला ७८ फेरे हा आकडा पक्का व्हायला १९२५ च्या सुमारास यावे लागले. त्याआधी मुद्रणाचा वेग तबकडीगणिक कमीजास्त असे आणि तो चकतीवर छापलेला नसे. समजा मुद्रण ७४ फेऱ्यांनी झाले आणि आपण ती ७८ ने वाजवली. ७८ भागिले ७४ म्हणजे १.०५४. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले गुणोत्तर असते १.०५९. म्हणजे आपल्या कानावर पडणारा षड्ज मूळच्यापेक्षा जवळजवळ एक पट्टी वर गेला आणि गायकाची लयही तेवढीच वाढली. अमुक बुवा काळी दोनमध्ये गात की काळी एकमध्ये, यावर तावातावाने वाद घालणाऱ्यांनी आधी तबकडीचा वेग विचारावा.

एका यंत्राभोवती पन्नास कान

इतक्या त्रुटी असूनही तबकडीने एक फार मोठे काम केले. गाणे ऐकायला आता संस्थानिकाचा दरबार किंवा धनिकाचा दिवाणखाना लागेना. यंत्र महाग होते, घरोघरी नव्हते. पण आळीत एक असले तरी पुरे. हॉटेलात, दुकानाच्या ओट्यावर, वाड्याच्या चौकात चावी देऊन तबकडी लावली जाई आणि येणारा-जाणारा थबके. भीमसेन जोशी लहानपणी गदगमध्ये दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकून कसे वेडावून गेले, ही हकिकत ते पुढे अनेकदा सांगत. असेच गाणे आपल्याला आले पाहिजे या ध्यासाने हा मुलगा घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. कुमार गंधर्व तर अगदी लहान वयात मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा, हरकतींसकट गाऊन दाखवत आणि लोक थक्क होत. ज्याच्या घराण्यात कधी कोणी आपल्याला शिकवले नसते, त्याचे गाणे दुकानाच्या दारात उभे राहून पुन्हा पुन्हा ऐकता येऊ लागले. गुरुमुखाखेरीज विद्या नाही म्हणणाऱ्या परंपरेत ही मोठीच उलथापालथ होती.

साहजिकच अनेक गवयांना ती नको होती. आपली चीज कोणीही उचलेल ही भीती होती, तीन मिनिटांत काय गायचे हा प्रश्न होता आणि यंत्राने गळा जातो असाही समज होता. उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, मुंबईत राहत होते. त्यांचे ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, तेव्हा आपल्याकडे तबकड्यांचा धंदा सुरू होऊन वीस वर्षे झाली होती, त्यांचेही नाही. त्यांचे शिष्य बालगंधर्व यांच्या तबकड्या मात्र घराघरांत पोहोचल्या. म्हणून भास्करबुवांचे गाणे कसे असेल याचा अंदाज आपण शिष्यांच्या गाण्यावरून आणि ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींवरून बांधतो. तबकड्यांच्या कपाटावरून संगीताचा इतिहास लिहायला बसले, तर ही दोन नावे त्यातून गळतील.

अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची कथा याच्या उलट आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या या गायिकेचा ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत हात आखडताच होता. पण त्यांची भैरवीतली 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर ठेवण्यासाठी निवडली गेली. यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यावर पृथ्वीवरच्या निरनिराळ्या लोकांचे सुमारे दीड तासाचे संगीत आहे. 'आम्ही सध्या हे ऐकतो' असे विश्वाला सांगण्याचाच हा प्रकार. ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर-१ उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले. ज्या उस्तादांनी स्वतः तबकडी दिली नाही, त्यांची तालीम अशी तिथवर पोहोचली.

शिक्षकांनी त्या तबकडीच्या वेष्टनाकडे जरूर पाहावे. ती मिनिटाला १६⅔ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ३.६ सेकंद. मिनिट आणि सेकंद ही आपली मापे परक्या जीवाला कशी कळणार? म्हणून हा काळ हायड्रोजनच्या अणूत होणाऱ्या एका ठरावीक बदलाला लागणाऱ्या काळाच्या पटीत चित्राने कोरला आहे. सुई कुठे ठेवायची हेही दाखवले आहे. जी माहिती जुन्या कंपन्यांनी आपल्याच गिऱ्हाइकांना दिली नाही, ती इथे कोणी न पाहिलेल्या श्रोत्यासाठी काळजीने लिहिली गेली.

संग्राहकांची कामगिरी

लाखेच्या तबकड्यांचा जमाना १९४८ साली आलेल्या लाँग प्लेने हळूहळू संपवला. ती विनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे वाजणारी. त्यानंतर कॅसेट आली. जुन्या तबकड्या माळ्यावर, तिथून जुन्या बाजारात आणि भंगारात गेल्या. त्यांना वाचवले ते सरकारी खात्यांपेक्षा हौशी माणसांनी. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. तिचे चिटणीस सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांना विशेष वाटेल. पुढे सोलापूर, नांदेड, तुळजापूर, अमरावती अशा ठिकाणीही तिच्या शाखा निघाल्या. सभासद एकत्र जमत, आपापल्या संग्रहातल्या तबकड्या आणून लावत आणि चर्चा करत. 'द रेकॉर्ड न्यूज' या त्यांच्या नियतकालिकात तबकड्यांचे क्रमांक, साचे, साले यांच्या याद्या आल्या.

वरवर पाहता हा निव्वळ छंद. पण तबकडीच्या गुळगुळीत भागावर कोरलेला साचा क्रमांक दहा संग्राहकांकडच्या दहा तबकड्यांवरून जुळवला, की कोणते गाणे कोणत्या दौऱ्यात आणि कोणत्या साली मुद्रित झाले ते सांगता येते. एकट्याच्या कपाटात जी नुसती आवड असते, ती याद्यांची देवाणघेवाण झाली की पुरावा बनते. मग त्यावरून वेग ठरवता येतो, वेगावरून पट्टी, पट्टीवरून गायकाचे त्या वयातले गाणे.

आणि तारपा?

आता जव्हारकडे वळू. तारप्याची माहिती इथल्या मुलांना आम्ही सांगावी असे काही नाही. ती त्यांच्याकडूनच ऐकावी. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. वाजवणारा गालात हवा साठवतो आणि ती फुंकत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भाताचा हंगाम आला की दिवाळीपर्यंतच्या रात्रींत तो मधोमध फिरत वाजवतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. तो वळला की साखळी वळते. प्रत्येक चाळा निराळा आणि प्रत्येक तारप्याचा सूरही निराळा, कारण भोपळा रानात आणि शेतात वाढतो, साच्यात नाही.

अशा वाद्याला तीन मिनिटांची तबकडी ख्यालापेक्षाही तोकडी पडली असती. शहरातला रसिक तबकड्या अदलाबदल करत होता त्या काळात इथल्या वादकांच्या पिढ्या वाजवून गेल्या आणि त्यांची नावेदेखील बाहेर कोणाला ठाऊक झाली नाहीत. भास्करबुवांच्या आठवणी लिहिणारे निदान श्रोते होते.

तबकडीची अडचण आता उरलेली नाही. पुन्हा एक हिशेब. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेतले जाते, प्रत्येक माप २ बाइटचे, आणि डावा-उजवा असे दोन आवाज. मिनिटाला झाले सुमारे १०.६ मेगाबाइट. आठ तासांची पूर्ण रात्र नोंदवली तरी ५ गिगाबाइटच्या जरा वर. नखाएवढ्या मेमरी कार्डवर अशा कितीतरी रात्री मावतात. तरीही मुलांच्या मोबाइलमधला तारपा असतो अर्ध्या मिनिटाचा! लाखेने निदान तीन मिनिटे दिली होती.

मोबाइलचेही स्वतःचे कान असतात, हे मुलांना दाखवून द्यावे. आवाज मोठा झाला की तो आपोआप दाबायचा आणि लहान झाला की वाढवायचा, अशी सोय बऱ्याच मोबाइलमध्ये असते. बोलण्यासाठी ती चांगली, तारप्यासाठी वाईट. वादक फिरता फिरता जवळ येतो, कर्ण्याचे तोंड आपल्याकडे वळते, आवाज अंगावर येतो आणि पुन्हा लांब जातो; हा चढउतार मुद्रणात सपाट होऊन जातो. नाचाच्या साखळीत चालताना आणि मैदानाच्या कडेला उभे राहून अशी दोन मुद्रणे करून मुलांना तुलना करायला सांगता येईल. वाया गेलेली एखादी जुनी तबकडी मिळाली तर कागदाच्या शंकूला टाचणी लावून ती चरीत टेकवावी आणि तबकडी हाताने फिरवावी. वीज नसताना कागदातून आवाज येतो तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. चांगल्या तबकडीवर हा प्रयोग करू नये, ती कायमची खराब होते.

नोंदींच्या बाबतीत महाराष्ट्रातच एक चांगले उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांच्या मदतीने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी कोणी सांगितली आणि ती बाई कोणत्या गावची, हे त्यांनी जपले. पुढे त्यातल्या कित्येक जणींचा आवाजही मुद्रित झाला. म्हणूनच त्या संग्रहातली ओवी आज ऐकताना 'एक खेडूत स्त्री' गात नाही, नावागावाची बाई गाते.

मोबाइलवर फिरणाऱ्या तारप्याला मात्र नाव नसते. दहा जणांकडून पुढे सरकलेल्या फायलीला फक्त एक क्रमांक उरतो आणि तारीखही बहुतेक वेळा पुढे सरकवल्याची असते. यावर हॅनोव्हरच्या कारागिरांसाठी काढलेली युक्ती चालेल. वादकाला आधी विचारावे, त्याची हरकत नसेल तरच मुद्रण करावे, आणि ते पूर्ण होऊ द्यावे. वाजवणे थांबले की लगेच यंत्र बंद करू नये. धाप जरा ओसरू द्यावी आणि मग त्यालाच आपले नाव, पाडा, वाजवलेला चाळा, तारपा कोणी बनवला आणि त्याचा भोपळा कोणत्या साली धरलेला, एवढे त्याच्या बोलीत सांगायला सांगावे.